उपग्रह मोडेमवर एसीएम लावताना : तळाच्या पायरीपासून वर

उपग्रहाच्या लिंकवर पहिल्यांदा एसीएम (सिग्नल पाहून डेटाचा वेग बदलणारी सोय) सुरू करणाऱ्या बहुतेकांचे लक्ष वरच्या टोकाकडे असते. आकाश निरभ्र असताना किती मेगाबिट मिळतील, एवढाच प्रश्न विचारला जातो. रत्नागिरीजवळचे एक किनारी ठिकाण पुण्याच्या केंद्राला जोडणारी केयू बँडची (११ ते १४ गिगाहर्ट्झच्या आसपासची) लिंक उभारताना मीही त्याच प्रश्नापासून सुरुवात केली होती, आणि मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या पहिल्याच वळवाच्या पावसात ती लिंक एका संध्याकाळी अकरा वेळा तुटली. मोडेम नादुरुस्त नव्हता, डिश हललेली नव्हती; चूक माझ्या दोन सेटिंगमध्ये होती आणि ती दोन्ही सेटिंग वेगाच्या शिडीच्या तळाशी, म्हणजे सर्वांत हळू पण सर्वांत चिवट पायऱ्यांशी, संबंधित होती. म्हणून हा लेख तळापासून वर जाणाऱ्या क्रमाने लिहिला आहे. मोडेम कोणत्याही कंपनीचा असो, मेनूतली नावे थोडीफार बदलतील, पण क्रम हाच ठेवावा.

एसीएम म्हणजे ‘अडॅप्टिव्ह कोडिंग अँड मॉड्युलेशन’. पलीकडच्या मोडेमला सिग्नल किती स्वच्छ मिळतो आहे ते पाहून अलीकडचा मोडेम प्रत्येक सिम्बॉलमध्ये (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या सिग्नलच्या एककात) किती बिट भरायचे आणि त्यांतले किती चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवायचे, हे सतत बदलत राहतो. कॅरिअरची (डेटा वाहून नेणाऱ्या रेडिओ सिग्नलची) रुंदी तीच राहते, पाठवण्याची शक्ती तीच राहते, बदलतो तो डेटाचा वेग. २००५ साली प्रमाणित झालेल्या डीव्हीबी-एस२ मानकात अशा २८ जोड्या आहेत. त्यांनाच आपण मॉडकॉड म्हणतो. २०१४ मध्ये आलेल्या डीव्हीबी-एस२एक्सने त्यांच्यामध्ये आणखी बारीक पायऱ्या घातल्या. प्रत्येक फ्रेमच्या आरंभी ९० सिम्बॉलचे शीर्षक असते आणि ते नेहमी अतिशय चिवट पद्धतीने पाठवले जाते. त्या फ्रेममध्ये कोणते मॉडकॉड आहे हे घेणाऱ्या मोडेमला तिथेच समजते, आणि त्यामुळे बदल वेळेवर झाला तर एकही बिट न हरवता फ्रेमगणिक मॉडकॉड बदलता येते. ‘वेळेवर’ या शब्दातच या कामाची सगळी मेख आहे.

१. हाताशी काय हवे

जागेवर जाण्यापूर्वी पुढील कागद जमवा :

– परवान्याची आणि मंजूर कॅरिअर प्लॅनची प्रत, ज्यात मध्य वारंवारता, सिम्बॉल रेट आणि कमाल अनुज्ञेय शक्ती स्पष्ट लिहिलेली असेल;
– लिंक बजेट (वाटेत सिग्नल किती कमी होईल याचा हिशेब), आणि तेही कोरड्या व पावसाळी अशा दोन्ही स्थितींचे, दोन्ही दिशांसाठी वेगवेगळे;
– तुमच्या मोडेममधल्या नेमक्या फर्मवेअर आवृत्तीची माहितीपुस्तिका, कारण एसीएमची पाने आवृत्तीगणिक बदलतात;
– उपग्रह चालकाच्या नियंत्रण केंद्राचा चोवीस तास चालणारा फोन क्रमांक.

साधनांत स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, लॅपटॉप, जादा कनेक्टर आणि पाणी न शिरू देणारी रबरी टेप एवढे पुरते. पलीकडच्या टोकाला फोनवर बोलू शकणारा माणूस मात्र असायलाच हवा. एसीएम दोन टोकांमध्ये मिळून चालते आणि एका टोकाला बसून त्याची खात्री करता येत नाही.

२. आधी स्थिर मॉडकॉडवर लिंक उभी करा

एसीएम बंद ठेवा. दोन्ही दिशांना क्यूपीएसके १/२ (सिम्बॉलमागे दोन बिट, त्यांतले सुमारे निम्मे चुका दुरुस्त करण्यासाठी) सारखे साधे, स्थिर मॉडकॉड लावा आणि लिंक चोवीस तास एकही चूक न दाखवता चालते का ते पाहा. डिशची दिशा याच वेळी नीट बसवून घ्या. रत्नागिरीहून ७४ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे पाहणारी डिश जवळजवळ ७० अंश वर तोंड करून असते. अशा चढ्या कोनात पावसातून जाणारा मार्ग आखूड राहतो, ही आपल्याकडची जमेची बाजू. दिशा साधण्यात अर्धा डेसिबल गमावलात तर तो पुढे शिडीच्या प्रत्येक पायरीवर गमावलेला असेल.

या टप्प्यावर पडद्यावर दिसणारा आकडा कोणता आहे हे न चुकता तपासा. मानकातले उंबरठे, म्हणजे प्रत्येक मॉडकॉडला लागणारा किमान सिग्नल, ईएस/एनओ (दर सिम्बॉलची ऊर्जा आणि नॉइज यांचे गुणोत्तर) या मापात दिलेले असतात, तर काही मोडेम ईबी/एनओ (तेच, पण दर बिटामागे) दाखवतात. दोन्ही डेसिबलमध्येच असल्याने गोंधळ सहज होतो. १६एपीएसके ३/४ (सिम्बॉलमागे चार बिट) या मॉडकॉडसाठी या दोन मापांत तब्बल ४.७ डेसिबलचा फरक पडतो. एका मापातला उंबरठा दुसऱ्या मापाच्या रकान्यात भरला तर शिडी पूर्णपणे चुकीची बसते, आणि कोरड्या हवेत ते लक्षातही येत नाही.

३. शक्ती ठरवताना सर्वांत वरच्या मॉडकॉडचा विचार करा

क्यूपीएसके बऱ्यापैकी सहनशील असते. बीयूसी (डिशवरचा, सिग्नल वाढवून वर पाठवणारा भाग) थोडा ताणला तरी ते निभावते. १६एपीएसके आणि ३२एपीएसके यांत सिम्बॉल वेगवेगळ्या उंचीचे असतात, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर दबू लागला की बाहेरचे वर्तुळ आत ओढले जाते आणि शेजारच्या कॅरिअरवरही घाण पसरते. शक्ती एसीएममध्ये बदलत नसल्याने ती एकदाच, पण वरच्या पायरीला साजेल अशी ठरवावी लागते.

तपासण्याची सोपी पद्धत अशी. नियंत्रण केंद्राला कळवून मोडेमची शक्ती अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने वाढवा आणि प्रत्येक वाढीनंतर पलीकडे तेवढीच वाढ दिसते का ते विचारा. एक डेसिबल वाढवल्यावर पलीकडे जेमतेम पाऊण दिसू लागला, की बीयूसी दबू लागला आहे असे समजा आणि तिथून दोन-तीन डेसिबल मागे या. मंजूर कमाल शक्ती त्याआधीच गाठली गेली तर अर्थातच तिथेच थांबा.

शक्ती आपोआप वाढवणारी एयूपीसी सुविधा तुमच्या मोडेममध्ये असेल तर पहिले काही आठवडे ती बंद ठेवा. एसीएम आणि एयूपीसी दोन्ही एकाच मोजमापावर धावतात, आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याला हवामानाचा बदल वाटतो.

४. दोन्ही टोकांना सारखे असावे लागणारे आकडे

सिम्बॉल रेट, रोल-ऑफ (कॅरिअरच्या कडांसाठी लागणारी जादा रुंदी), स्क्रॅम्बलिंगचा क्रमांक आणि फ्रेमची लांबी ही चार मूल्ये दोन्हीकडे ताडून पाहा. आमच्या लिंकवर पुण्याकडून जाणारा कॅरिअर सेकंदाला ५० लाख सिम्बॉलचा होता, ०.२० रोल-ऑफसह तो ६ मेगाहर्ट्झ जागा घेतो. परतीचा कॅरिअर सेकंदाला १० लाख सिम्बॉलचा होता.

पायलट सिम्बॉल (डेटा नसलेले, आधीच ठाऊक असलेले सिम्बॉल) चालू ठेवा. ते सुमारे २.४ टक्के जागा खातात, पण वरच्या मॉडकॉडमध्ये फेज नॉइज सावरायला आणि तळाच्या मॉडकॉडमध्ये कॅरिअर धरून ठेवायला त्यांचाच आधार असतो. फ्रेमच्या लांबीबाबत विचार करावा लागतो तो मंद कॅरिअरवर. लांब फ्रेम ६४,८०० बिटांची असते, म्हणजे क्यूपीएसकेमध्ये ३२,४०० सिम्बॉल. सेकंदाला ५० लाख सिम्बॉल जात असतील तर ती साडेसहा मिलिसेकंदांत संपते, पण सेकंदाला अडीच लाखच जात असतील तर एकाच फ्रेमला जवळजवळ १३० मिलिसेकंद लागतात. अशा ठिकाणी १६,२०० बिटांची आखूड फ्रेम घ्या. तिच्यासाठी दोन-तीन दशांश डेसिबल जास्त मोजावे लागतात, एवढे लक्षात ठेवा.

५. परतीची वाट सर्वांत आधी पक्की करा

नवख्यांनी सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे मला मनापासून वाटते.

पुण्याचा मोडेम कोणते मॉडकॉड वापरणार हे रत्नागिरीच्या मोडेमने केलेल्या मोजमापावर ठरते, आणि ते मोजमाप परतीच्या कॅरिअरवरून पुण्याला पोहोचते. आता पाऊस रत्नागिरीला पडू लागला की काय होते ते पाहा. पुण्याकडून येणारा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास खाली उतरतो, तर परतीचा कॅरिअर त्याच पावसातून १४ गिगाहर्ट्झवर वर चढतो, आणि त्या वारंवारतेला डेसिबलमध्ये साधारण दीडपट फटका बसतो. आम्ही परतीचा कॅरिअर क्यूपीएसके ३/४ वर कायम ठेवला होता आणि त्याला फक्त दोन डेसिबलचे मार्जिन होते. जाणाऱ्या कॅरिअरला शिडी उतरत जाण्याची मुभा होती, पण ‘उतर’ हा निरोप घेऊन जाणारा कॅरिअरच आधी बंद पडत होता.

त्यात दुसऱ्या चुकीची भर पडली. निरोप येणे थांबल्यावर काय करायचे, या ठिकाणी ‘शेवटचे मॉडकॉड धरून ठेवा’ हा मूळचा पर्याय तसाच राहिला होता. परतीची वाट बंद पडली तेव्हा पुण्याचा मोडेम १६एपीएसके ३/४ धरून बसला आणि दोन्ही दिशा गेल्या. पाऊस ओसरला की लिंक परत यायची, पुढची सर आली की पुन्हा जायची. ती संध्याकाळ मी पुण्यात पडद्यासमोर बसून पाहिली आहे: ईएस/एनओच्या जागी शेवटचा आकडा गोठलेला, आणि त्याच्या शेजारी ‘१६एपीएसके ३/४’ ही अक्षरे तशीच हिरवी.

यावर उपाय असे :

– परतीचा कॅरिअर क्यूपीएसके १/४ किंवा १/३ वर ठेवा, नाहीतर त्यालाही तिथपर्यंत उतरू देणारे एसीएम लावा. क्यूपीएसके ३/४ ला सुमारे ४ डेसिबल ईएस/एनओ लागते, तर १/४ उणे २.३५ पर्यंत तग धरते. म्हणजे सहा डेसिबलहून अधिक सहनशक्ती मिळते.
– निरोप दोन ते तीन सेकंद आला नाही तर मोडेमने थेट तळाच्या मॉडकॉडवर जावे, असे सेटिंग करा. दोन्ही दिशांना एसीएम असेल तर हे दोन्ही मोडेमवर करा.
– मोजमापाचा निरोप साध्या आयपी पॅकेटमधून जात असेल तर त्याला सर्वांत वरची प्राथमिकता द्या. कोणाची तरी मोठी फाइल चढत असताना हा निरोप रांगेत मागे अडकला, तर आकाश स्वच्छ असूनही एसीएम गोंधळते.

६. शिडी बांधणे

मोडेमच्या यादीत सर्व २८ मॉडकॉड टिक केलेले असतात. ते तसेच ठेवू नका, कारण त्यांतली काही निरुपयोगी आहेत. क्यूपीएसके ८/९ ला आदर्श स्थितीत ६.२ डेसिबल लागतात, तर ८पीएसके ३/५ फक्त ५.५ डेसिबलमध्ये त्याहून किंचित जास्त डेटा नेते. ८पीएसके ५/६ ला ९.३५ लागतात आणि १६एपीएसके २/३ ला ८.९७, तरी वेग दुसऱ्याचाच जास्त. अशी मॉडकॉड शिडीत ठेवली की मोडेम जास्त सिग्नल लागणाऱ्या पायरीवर कमी डेटा नेतो. मी ठेवलेली शिडी अशी, कंसात आदर्श उंबरठा ईएस/एनओ डेसिबलमध्ये आणि पुढे सेकंदाला ५० लाख सिम्बॉलवरचा मेगाबिटमधला वेग :

क्यूपीएसके १/४ (−२.३५) – २.५
क्यूपीएसके २/५ (−०.३०) – ३.९
क्यूपीएसके १/२ (१.००) – ४.९
क्यूपीएसके २/३ (३.१०) – ६.६
क्यूपीएसके ३/४ (४.०३) – ७.४
८पीएसके ३/५ (५.५०) – ८.९
८पीएसके २/३ (६.६२) – ९.९
८पीएसके ३/४ (७.९१) – ११.१
१६एपीएसके २/३ (८.९७) – १३.२
१६एपीएसके ३/४ (१०.२१) – १४.८

पायलट आणि पॅकेटची वेष्टने वजा जाता प्रत्यक्ष वेग थोडा कमी पडतो.

तळाची पायरी काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण २.५ मेगाबिट क्षुल्लक वाटतात. ती काढू नका. पावसात सिग्नल दुहेरी मार खातो. ३ डेसिबल क्षीणता म्हणजे अर्धा सिग्नल गेला एवढेच नसते. जो पाऊस सिग्नल शोषतो तोच एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल घेणाऱ्या भागाला) ऊब पाठवतो. कोरड्या हवेत १२० केल्विन असलेले ग्रहणाचे नॉइज तापमान अशा पावसात सुमारे १३५ केल्विनने वाढते, म्हणजे दुपटीच्याही पुढे जाते. तीन डेसिबलच्या पावसात ईएस/एनओ सहा डेसिबल घसरलेले दिसते ते यामुळे, आणि त्या वेळी शिडीच्या खालच्या पायऱ्याच लिंक जिवंत ठेवतात.

७. मार्जिन आणि चढण्या-उतरण्याचे नियम

भूस्थिर उपग्रहावरून एका बाजूचा प्रवास पाव सेकंदाचा. मोजमाप होणार, निरोप पाव सेकंद प्रवास करणार, मोडेम निर्णय घेणार आणि नवे मॉडकॉड पुन्हा पाव सेकंदाने पोहोचणार. सरासरी काढण्याचा वेळ धरून हे चक्र साधारण एका सेकंदाचे होते. सिग्नल सेकंदाला अर्धा डेसिबल या गतीने पडत असेल, तर निरोप अमलात येईपर्यंत अर्धा डेसिबल गेलेला असतो. त्यात मोजमापातली चूक आणि प्रत्यक्ष मोडेमची आदर्शापेक्षा असलेली तूट मिळवली की मार्जिन एक डेसिबलच्या वर जाते.

मी सुरुवातीला ०.२ डेसिबल ठेवले होते. आता १.२ ठेवतो. या एका डेसिबलची किंमत फार तर शिडीची एक पायरी, म्हणजे वरच्या टोकाला १४.८ ऐवजी १३.२ मेगाबिट. ती किंमत निःशंकपणे मोजावी. आषाढातली संततधार हळूहळू वाढते आणि कमी मार्जिनवरही निभावते. पण वळवाचा ढग डिशसमोर आला की काही सेकंदांत चित्र पालटते, आणि मार्जिन त्याच्यासाठी ठेवायचे असते.

उतरणे तात्काळ आणि एका वेळी अनेक पायऱ्या असे ठेवा. चढणे मात्र सावकाश: उंबरठा, मार्जिन आणि वर आणखी अर्धा डेसिबल मिळाल्यावर, तेही ते किमान दहा सेकंद टिकल्यावर, एका वेळी एकच पायरी. आमच्याकडे कोरड्या हवेत १२.५ डेसिबल मिळतात. १६एपीएसके ४/५ चा उंबरठा ११.०३, त्यात १.२ आणि ०.५ मिळवले की १२.७३ होतात, म्हणून ती पायरी शिडीत नाही.

८. रांगा आणि प्राथमिकता

वेग १४.८ वरून २.५ वर आला हे मोडेमला कळते, राउटरला कळत नाही. राउटर पूर्वीच्याच जोमाने पॅकेट पाठवत राहतो आणि मोडेमची रांग भरून आवाजाची पॅकेट फेकली जातात. म्हणून प्राथमिकता मोडेममध्येच लावा. ते शक्य नसेल तर मोडेमकडून राउटरला थांबण्याचा संकेत देणारे फ्लो कंट्रोल सुरू करा. रांगेची लांबी बाइटमध्ये न ठरवता मिलिसेकंदांत ठरवा. एक मेगाबाइटची रांग वरच्या पायरीवर अर्ध्या सेकंदात रिकामी होते, तळाच्या पायरीवर तिलाच सव्वातीन सेकंद लागतात, आणि एवढ्या विलंबात फोनवरचे बोलणे अशक्य होते. ज्या सेवा कोणत्याही हवामानात चाललेच पाहिजेत, त्यांची बेरीज तळाच्या पायरीच्या वेगात बसते का हे कागदावर मांडून पाहा.

९. पाऊस येण्याआधी पाऊस पाडून पाहा

इथला सापळा फार जुना आहे. चाचणीसाठी एलएनबीनंतरच्या केबलमध्ये अ‍ॅटेन्युएटर लावला जातो, दहा डेसिबल कमी केले तरी मोडेम वरच्याच पायरीवर राहतो आणि लिंक भक्कम असल्याचा समज होतो. पण एलएनबीनंतरचा अ‍ॅटेन्युएटर सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच कमी करतो, त्यांचे गुणोत्तर जवळजवळ बदलत नाही. खरी चाचणी म्हणजे पलीकडच्या टोकाची पाठवण्याची शक्ती एकेक डेसिबल कमी करत जाणे. प्रत्येक टप्प्यावर मॉडकॉड कोणते आहे, फ्रेममध्ये चुका येतात का, हे लिहून ठेवा आणि तळाच्या पायरीपर्यंत जा.

त्यानंतर रत्नागिरीकडचे प्रक्षेपण पाच सेकंद बंद करा. पुण्याच्या मोडेमने ठरलेल्या वेळात तळाच्या मॉडकॉडवर यायला हवे. ही चाचणी केल्याशिवाय एसीएम सुरू झाल्याचे कोणालाही कळवू नका.

१०. पहिला पावसाळा

ईएस/एनओ आणि मॉडकॉड यांची नोंद दर काही सेकंदांनी ठेवा आणि आठवड्यातून एकदा वाचा. प्रत्येक उतरणीला चुकीच्या फ्रेम दिसत असतील तर मार्जिन ०.३ ने वाढवा. दोन पायऱ्यांमध्ये सतत ये-जा दिसत असेल तर चढण्याआधीची वाट पाहण्याची मुदत वाढवा. पाऊस थांबल्यावर आकडे काही मिनिटांत पूर्ववत व्हायला हवेत. तासन्‌तास खालीच राहिले तर कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे असे समजून टेप उघडा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर काही दिवस रोज ठरावीक वेळी काही मिनिटे घसरण दिसेल. ती उपग्रहामागून सूर्य जात असल्याने होते, तिच्यासाठी काहीही बदलू नका.

शेवटचे काम अगदी साधे, पण राहून जाणारे. अनेक मोडेममध्ये चालू असलेले सेटिंग आणि साठवलेले सेटिंग वेगळे असते. ‘साठवा’ हे बटण दाबले नसेल तर पहिल्या वादळात वीज जाऊन आली की मोडेम जुन्या शिडीवर आणि ‘शेवटचे मॉडकॉड धरून ठेवा’ या पर्यायावर परततो. सेटिंग साठवा, मोडेम मुद्दाम बंद-चालू करून पाहा, फाइलची प्रत दोन्ही टोकांना ठेवा, आणि तळाचे मॉडकॉड, निरोपाची मुदत, मार्जिन व फर्मवेअरची आवृत्ती एवढ्या चार ओळी मराठीत छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे रात्री दोन वाजता फोनवर पलीकडच्या माणसाला त्या वाचून दाखवता येतील.